फॉलोअर राहू द्या, आधी नंबर सेव्ह करवून घ्या
ताई, इंदूरच्या राजेंद्रनगरातून घरच्या चकल्या-अनारशांचं काम सुरू करताय, त्याची ऑनलाइन जाहिरात कशी करावी असं विचारलंत, आणि वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी 'आधी इन्स्टाग्रामवर फॉलोअर विकत घ्या' असं सुचवलंय. तेवढं करू नका. विकतचे फॉलोअर ना लाइक करत, ना ऑर्डर देत.

तुमचं गिऱ्हाईक रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरात आहे. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे धंद्यासाठीचं ॲप पुरे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये फोटोखाली वजन आणि भाव स्पष्ट लिहा. 'भावासाठी इनबॉक्स करा' दिसलं की मी तरी पुढे सरकते. एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवणाऱ्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तेव्हा प्रत्येक डब्यात 'नंबर सेव्ह करा, पुढची यादी पाठवू' अशी चिठ्ठी घाला.

इन्स्टाग्रामवर रील मात्र जरूर करा, रोजच हवी असं नाही. खिडकीच्या उजेडात सोऱ्यातून पडणारी चकली, अनारशावर चिकटलेली खसखस, एवढं दाखवा. चकली मोडल्याचा 'कट्' आवाज ऐकू येऊ द्या, त्यावर गाणं कशाला? बिझनेस अकाउंटवर गाजलेली गाणी तशीही बरेचदा मिळत नाहीत.

मजकूर मराठीसोबत हिंदीतही टाका, नाहीतर इंदूरचं अर्धंअधिक गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल! गूगलवर धंद्याचं प्रोफाइल काढताना घरचा पत्ता लपवून फक्त डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो. आणि एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी झाली नसेल, तर पहिल्या पोस्टच्या आधी ती उरका.