'वेर्दे' विकारी की अविकारी? (आणि 'नारंगी'चं काय करायचं)

धरमपेठची_टिपणं
नमस्कार. एका शब्दावर अडले आहे. रविवारी सकाळी घरीच सहा जणांना अगदी सुरुवातीचं स्पॅनिश शिकवते. सगळे मराठी, म्हणून टिपणंही मराठीतच काढते. विशेषणांच्या पानावर लिहिलं होतं: 'रोखो' म्हणजे लाल, विकारी, रूपं चार: रोखो, रोखा, रोखोस, रोखास. 'वेर्दे' म्हणजे हिरवा, अविकारी. एका विद्यार्थिनीचे आजोबा मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी 'अविकारी'खाली रेघ ओढून वही परत पाठवली: 'अविकारी ते अव्यय. विशेषण विकारीच.'

त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी घोटाळा उरतोच. त्याच टिपणावरून नातीनं 'हिरवे डोळे'चं 'ओखोस वेर्दे' केलं. हवं होतं 'ओखोस वेर्देस'. वेर्देला पुल्लिंग-स्त्रीलिंग सारखंच, पण अनेकवचनात 'स' लागतोच. 'आसुल' म्हणजे निळा, त्याचंही 'आसुलेस' होतं. चूक पोरीची नाही, मी दिलेल्या शब्दाची आहे. आपल्या कानाला दोनच तऱ्हा ठाऊक: काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर असं सगळीकडे बदलणारं, नाहीतर 'लाल'सारखं कुठेच न बदलणारं. लिंगाला दाद न देणारं आणि वचनाप्रमाणे मात्र बदलणारं विशेषण मराठीत मला एकही आठवत नाही. मग याला म्हणू काय?

महालातला_वाडा
ताई, आजोबा बरोबर आहेत. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या चार जाती विकारी, बाकीच्या चार अविकारी. शाळेत पाठ केलेली वाटणी एका परक्या भाषेसाठी मोडू नका. 'वचनविकारी' म्हणा. समास सरळ सुटतो, अर्थही नेमका.

मनीषनगर_दुसरा_मजला
'लाल' कधीच बदलत नाही, तरी त्याला विकारी म्हणायचं, हे मला शाळेत कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. ताईंकडे येणारा माणूस नोकरी करून रविवारची झोप मोडून येतो. त्याला 'वचनविकारी' दिलात की आधी मराठी शिकवावी लागेल. 'अर्धं बदलणारं' म्हणा, मोकळे व्हा.

महालातला_वाडा
'अर्धं बदलणारं' ही संज्ञा होत नाही. संज्ञेला पुढे प्रत्यय लागले पाहिजेत. 'वचनविकारीपणा' म्हणता येतं, तुमच्या शब्दाचं काय करणार?

धरमपेठची_टिपणं
दोन्ही वहीत लिहून ठेवले. पण तिसरी एक जात आहे, तिनं मला जास्त छळलं. एकानं 'नारंगी रुमाल' (अनेक) असं लिहिलं: 'पान्युएलोस नारांखोस'. त्याचा हिशोब सरळ होता. नारांखाला शेवटी 'आ', रुमाल पुल्लिंगी, म्हणून 'ओ' केला. पण 'नारांखो' म्हणजे संत्र्याचं झाड! बरोबर उत्तर 'पान्युएलोस नारांखा'. 'नारांखास' असं अनेकवचन केलं तरी स्पॅनिशच्या अकादमीला चालतं, फक्त 'आ'चा 'ओ' होत नाही. कारण हे मुळात फळाचं नाव, रंगाच्या कामाला लावलेलं. आपल्याकडे 'राणी रंगाची साडी' म्हणतो, तिथे राणी बदलत नाही, तसंच.

'आनारांखादो' घेतलं तर मात्र चारही रूपं होतात. मला याचं फार अप्रूप वाटलं. आपण 'नारंग'ला 'ई' लावला की 'नारंगी' तिथेच थिजतं, नारंगी फेटा, नारंगी ओढणी, नारंगी लुगडं. ते लोक प्रत्यय लावतात आणि शब्द बदलायला लागतो.

इतवारी_जुनं_दुकान
शब्द तर आपलाच आहे ना ताई. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, तिथून स्पेनात नारांखा. आपल्याकडून गेलेलं फळ आपल्यालाच परत शिकून राहिलो. बरं, 'संत्रा' कुठून आला? माझे वडील सांगायचे, पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून.

महालातला_वाडा
ही व्युत्पत्ती जुन्या कोशांतही सापडते, पण मला ती कधी पटली नाही. बाबरानं हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन करताना 'संगतरा' लिहिला आहे, आणि तो वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज कालिकतला उतरले १४९८ ला. तीसेक वर्षांत किनाऱ्यावरचा शब्द उत्तरेत इतका रुळेल?

काटोल_बाग
तुम्ही सगळे नावावर भांडून राहिले, फळ कोणी पाहून नाही राहिलं. नागपुरी संत्रा मँडरिन जातीचा आहे. देठाकडून अंगठा घातला की साल सैल सुटते, फोडी आपोआप वेगळ्या होतात, पांढरे दोरे तेवढे काढायचे. स्पॅनिशमध्ये याला 'मांदारिना' म्हणतात ना? नारांखा म्हणजे आपल्या मोसंबीची बहीण, तिला सुरी लागते. २०१४ साली आमच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या फळाला. ताई, तुमच्या वहीत संत्र्यासमोर नारांखा लिहिलं असेल तर तेवढं आधी खोडा.

रंगाचंही सांगतो. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याचं, फळ आत गोड झालं तरी साल हिरवटच असते. रात्री गार पडायला लागल्या की मग रंग चढतो.

धरमपेठची_टिपणं
दादा, लिहिलं होतं. आत्ताच खोडलं.

सदाशिव_पेठेतून
मध्येच बोलते, माफ करा. तुम्ही सगळे 'संत्रा' पुल्लिंगी का लिहिताय? ते संत्रं, ती संत्री. 'मोठं संत्रं' असताना 'मोठा संत्रा' ऐकलं की कानाला खुपतं. विशेषणांचीच चर्चा आहे म्हणून म्हटलं.

इतवारी_जुनं_दुकान
काहून खुपते? नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात उभे राहा अन् 'ती संत्री कशी दिली' म्हणा, समोरचा दोनदा पाहील. इथे 'संत्रे कसे दिले' असंच म्हणतात. आमच्या तीन पिढ्या हेच बोलत आल्या. जिथे पिकतो तिथे तो पुल्लिंगी आहे.

सदाशिव_पेठेतून
पिकण्यावर लिंग ठरत नाही. कोशात नपुंसकलिंग आहे.

मनीषनगर_दुसरा_मजला
कोश बोलणाऱ्यांच्या मागून येतो. आणि ताईंच्या वर्गाची खरी अडचण इथेच आहे. विशेषण बदलायचं असतं हे मराठी माणसाला शिकवावंच लागत नाही, इंग्रजीतून शिकणाऱ्याला लागतं. आपण चुकतो ते नामाचं लिंग मराठीतून उचलतो म्हणून. मी स्वतः दोन वर्षं 'डावा हात'चं 'मानो इस्किएर्दो' म्हणत होतो. हात पुल्लिंगी, मानोच्या शेवटीही 'ओ', शंकाच आली नाही. ती 'ला मानो', म्हणून 'इस्किएर्दा'. उलट समस्या आपल्याकडे स्त्रीलिंगी, तिकडे 'एल प्रोब्लेमा' पुल्लिंगी. आणि आपलं नपुंसक घर, फूल, पुस्तक तिथे जाऊन कुठे बसेल याला नियम नाही: कासा आणि फ्लोर स्त्रीलिंगी, लिब्रो पुल्लिंगी. नाम शिकतानाच 'एल' नाहीतर 'ला' लावून पाठ करायचं.

धरमपेठची_टिपणं
हे पहिल्या पानावर घालते. सध्या वेर्देपुढे 'वचनविकारी' लिहून कंसात 'अर्धं बदलणारं' ठेवलं आहे. वही आजोबांकडे गेली आहे, ते काय म्हणतात ते कळवते. दुसरा शब्द सुचला तर सांगाच.

महालातला_वाडा
कंस काढा.

काटोल_बाग
सदाशिव पेठेतल्या ताई, मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, माल फेब्रुवारीत निघतो. बागेत या. आमचा माळी झाडाखाली उभा राहून काय म्हणतो ते ऐका, 'हा संत्रा' का 'हे संत्रं'.