आईच्या स्तनात गाठ, रिपोर्टात लिम्फोमाची (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) शंका

प्रश्न (खानापूर): गाठ दुखत नाही, पण महिन्याभरात ब्लाऊज एका बाजूनं घट्ट व्हायला लागला. बेळगावात बारीक सुईनं तपासलं. काका म्हणतात, स्तन काढूनच टाका. जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर (निपाणी, लॅबमधली): ताई, घाई नको! बारीक सुईवर हे ठरत नाही. कोअर बायोप्सी (जाड सुईनं गाठीचा तुकडा काढणं) करा, तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची प्रथिनं रंगवून पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) मागा. सीडी२० (बी-पेशी या लिम्फोसाइटवरचं प्रथिन) पॉझिटिव्ह नि सायटोकेरॅटिन (नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरात दिसणारं प्रथिन) निगेटिव्ह म्हणजे बहुधा बी-पेशींचा लिम्फोमा. स्तनाच्या कॅन्सरांत तो १ टक्क्याहूनही कमी, म्हणून ओळखण्यात चूक होते. त्यावर मुख्य इलाज केमो. स्तन सहसा काढावा लागत नाही.

उत्तर (चिकोडी): मावशीला हाच होता. पेट स्कॅन (रोग अंगात कुठं पसरलाय ते दाखवणारा) झाला. रिटुक्सिमॅब या सीडी२० वर काम करणाऱ्या औषधाआधी हिपॅटायटिस बी तपासलंच पाहिजे, विसरू नका.

खानापूर: उद्याच डॉक्टरांना बायोप्सीचं विचारते. काकांनाही सोबत नेते.