कंपनीचे शिक्षक हजेरीपटावर कुठे असतात?
कॉलेजातले विषय शिकवायला बाहेरच्या कंपनीकडे द्यायला शिक्षक संघटनेचा विरोध आहे. त्यावर इथे एकाने म्हटलंय, "संघटनेला फक्त स्वतःच्या नोकऱ्या वाचवायच्यात, शिकवेना का कंपनी". हे मला पटत नाही. नोकरीचा प्रश्न आहेच, पण तेवढाच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) शिकवत होतो, तेव्हा संगणकाचा एक विषय कंपनीकडे दिला होता. एका सत्रात तीन शिक्षक बदलले, तेही पडद्यावरचे. पावसात लाइट गेली की तास बुडाला. लांजा, राजापूरकडून पहाटेची एसटी पकडून येणारी मुलं मग शंका घेऊन माझ्याकडे यायची, आणि माझा तर तो विषयही नव्हता! फार वाईट वाटायचं.

या चर्चेत अजून कुणी न मांडलेला मुद्दा म्हणजे युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम. २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षकांच्या जागांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत असं स्पष्ट आहे. २०२२ च्या जानेवारीत तर कंपन्यांशी फ्रँचायझी करून ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रम चालवता येणार नाहीत, असा इशाराही दिला गेला. आमच्याकडे मात्र कंपनीचे ते तिघे कुठल्याच यादीत नव्हते. मग ते १० टक्के मोजायचे कुणी? संघटनेने प्राचार्यांना लेखी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता.