‘अरगट’ मराठी की इंग्रजी?

पिंपळपान, दादर: बाजरी बियाण्याच्या पत्रकाचं भाषांतर करतेय. त्यात कणसावरच्या बुरशीच्या रोगाचं नाव आहे, ‘अरगट’; तो शब्द तसाच ठेवला होता. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारून ‘मराठी शब्द योजा’ असं लिहिलंय. माझे सासरे संगमनेरचे, ते म्हणतात हा आपलाच शब्द. काय लिहू?

रानवाट, बोरिवली: आपलाच आहे ताई. पराणीच्या टोकाला आर असते ना? कणसातून तसाच काळपट टोचा बाहेर येतो. ‘आर’वरूनच अरगट.

उंबरठा, मुलुंड: दिसण्याचं बरोबर, पण शब्द फ्रेंचांचा. कोंबड्याच्या पायामागे काटा असतो, त्याचं हे फ्रेंच नाव. राय धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी तसाच वाकडा, जांभळट-काळा काटा येतो, म्हणून रोगालाही तेच नाव पडलं. इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं, आपण इंग्रजांकडून. गार्डचा गारद झाला, तसा अर्गटचा अरगट.

रानवाट: मग तपासणाऱ्यांचं खरंच आहे. पिकांच्या रोगांना तांबेरा, काणी, करपा, भुरी, केवडा असे नेमके शब्द ज्या भाषेत आहेत, तिनं इथेच उसनं का घ्यावं?

निशिगंध, परळ: मी बत्तीस वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका होते. बाळंतिणीचं रक्त थांबेना की फ्रीजमधली तपकिरी काचेची कुपी काढायची, मिथाइल अर्गोमेट्रिन. त्यातला ‘अर्गो’ हाच! गर्भाशय आकसून रक्त थांबतं. आणि हीच बुरशी रायच्या पावातून पोटात गेली की युरोपात माणसांची बोटं काळी पडून झडायची. कुपी हातात धरताना हे ठाऊक असतं तर!

नांगरट, भांडुप: ओतूरला आमच्या बाजरीवर आधी गुलाबी थेंब यायचे, बोटाला मधासारखे चिकटायचे. काळे काटे नंतर. आजी त्याला चिकटाच म्हणायची. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बी त्यात सोडायची, तरंगेल ते काढून जाळायची. खालचं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायची. पत्रकात हे नीट येऊ द्या, ताई.

रानवाट: मग ‘चिकटा’च लिहा! अस्सल आहे.

उंबरठा: चिकटा ज्वारीचा. बाजरीवर म्हटलं तर शेतकरी गोंधळेल. त्याला कळतो तो शब्द मराठीच.

नांगरट: आमच्या आजीचा काही गोंधळ होत नव्हता.

रानवाट: आणि कपाशीवर मावा पडून पानं चिकट झाली, तर त्याला काय म्हणता तुमच्याकडे?