पटावरच्या ज्वारीची बेरीज : शेवटी शून्य कसं काय?

मोंढ्यातला मुनीम (सेलू)
अडतीवर हिशेब लिहायचं माझं काम. परवा पोरीला राजाकडं दाणे मागणाऱ्याची ती जुनी गोष्ट सांगितली. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्ट घरं दुप्पट करत भरायची. गोष्टीत गहू नाहीतर तांदूळ असतो, मी ज्वारी घातली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये बेरीज मारली तर १८४४६७४४०७३७०९६०००००. सहावीतली पोरगी म्हणली, "चुकलंय पप्पा. पहिल्या घरात एकटा दाणा, बाकी सगळीकडं जोड्या. बेरीज विषमच येणार, मग शेवटी शून्य कसं?" पट्टीत मी चार आण्याची चूक होऊ देत नाही, इथं गप बसलो. पोरगी खरी का मशीन?

आकडेमोड (नांदेड)
पोरगी खरी. एक्सेल पंधराच अंक धरतं, पुढं शून्यं भरून मोकळं होतं. खरी बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. हे १८४ परार्धांच्या वर गेलं. शेवटचा ५ तर तोंडी निघतो. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. चौसष्टाव्या घाताला ६ येतो, बेरीज त्याहून एकानं कमी.

जुना मास्तर (औसा)
लेकीला पट घेऊन बसवा. पहिल्या ओळीत १ पासून १२८ पर्यंत, एकूण २५५ दाणे, म्हणजे ३×५×१७. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर वरच्या घराच्या २५६ पट, म्हणून दोन ओळींचे २५५×२५७. चार ओळी घेतल्या की त्याला ६५५३७ नं गुणायचं, आठ घेतल्या की आणखी ४२९४९६७२९७ नं. २५७ आणि ६५५३७ अविभाज्य आहेत. हा शेवटचाही तसाच असणार असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं. ऑयलर या गणितज्ञानं १७३२ मध्ये तो फोडला : ६४१×६७००४१७. हे दोन्ही मात्र अविभाज्य, पुढं फुटत नाहीत. मला स्वतःला हा ६४१ फार आवडतो. एवढ्या मोठ्या आकड्याच्या पोटात इतका बारका भाजक!

कडबा_पेंढी
ज्वारी राजाची, पण कडबा कोणाचा ते आधी ठरवा.

मोंढ्यातला मुनीम (सेलू)
सोनाराच्या काट्यावर शाळूचे शंभर दाणे तोलले, ३.४ ग्रॅम भरले. त्या हिशेबानं सव्वासहा लाख कोटी क्विंटल होतात. हमालाला सांगितलं तर तो म्हणला, "मालक, हमाली आधी."
मास्तर, पोरीनं ४२९४९६७२९७ ला ६४१ नं वहीवर भागलं. पहिल्यांदा १७ बाकी उरली, रुसून बसली. जेवण झाल्यावर पुन्हा बसली. आता बाकी शून्य.