स्पिन-ऑर्बिट कपलिंग : युग्मन म्हणावं की सांगड?

दवणा : ऑक्साइडांवरच्या एका लेखाचं मराठीकरण करते आहे. 'स्पिन-ऑर्बिट कपलिंग'साठी (इलेक्ट्रॉनचं अंगभूत 'स्पिन' आणि अणुकेंद्राभोवतीचं त्याचं फिरणं एकमेकांशी बांधलेलं असणं) 'परिवलन-कक्षा युग्मन' लिहिलं, तर संपादक म्हणाले, भूगोलाचा धडा वाटतो. वाक्य असं आहे : 'इरिडियमच्या ऑक्साइडात हे युग्मन प्रबळ असल्याने पदार्थ विद्युतरोधक होतो.' काय करू?

पांथस्थ : वाटणारच. पृथ्वीचं परिवलन आणि परिभ्रमण आपण घोकलेलं असतं. पण 'स्पिन' हा शब्दही तसाच आला आहे. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असं मांडलं. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांनी हिशेब केला, तर त्या गोळीच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त निघाला! चित्र बाद झालं, शब्द राहिला. आपण ते चित्र मराठीत नव्याने कशाला काढायचं? 'स्पिन'च ठेवा.

आजोळकर : कपलिंगला 'सांगड' का नको? सांगड म्हणजे दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. 'युग्मन' कोण बोलतं?

दवणा : सांगड आवडला. 'स्पिन-कक्षा सांगड'?

खनिजतेल : याच पदार्थांवर काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. 'कक्षा' नको, 'कक्षीय' म्हणा. जोडला जातो तो मार्ग नव्हे, कक्षीय कोनीय संवेग, म्हणजे त्या फिरण्याचं भौतिकीतलं माप.

सांगड हलक्या धातूंना शोभते. लोह-कोबाल्टसारख्या ३डी धातूंत (ज्यांचे '३डी' नावाचे कक्षक, म्हणजे ऑर्बिटल, भरत असतात) या सांगडीची ऊर्जा काही शतांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) असते. शिवाय शेजारच्या ऑक्सिजनांच्या विद्युतक्षेत्रामुळे कक्षीय संवेग बराचसा दबलेला असतो. तिथे स्पिन आणि कक्षा वेगळ्या ओळखता येतात, दोन होड्या दिसतात. अणुकेंद्राचा भार वाढतो तशी ही जोड झपाट्याने घट्ट होते. इरिडियमचा अणुअंक ७७, आणि तिथे ती सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेव्हा होड्या दिसेनाशा होतात, उरतो फक्त एकूण कोनीय संवेग.

आणि दवणाताई, तुमचं वाक्य शब्दापेक्षा आशयात जास्त अडलंय. स्ट्रॉन्शियम इरिडेट, म्हणजे स्ट्रॉन्शियम आणि इरिडियमचं ऑक्साइड, घ्या. इरिडियमचे ५डी कक्षक पसरट, इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं (प्रतिकर्षण) कमी, म्हणजे तो धातूसारखा विद्युतवाहक असायला हवा. पण तो विद्युतरोधक. २००८ साली बी. जे. किम आणि सहकाऱ्यांनी कोडं सोडवलं. स्पिन-कक्षीय जोडीमुळे इलेक्ट्रॉनांच्या सहा अवस्थांचे ऊर्जेनुसार दोन गट पडतात : खाली चार, वर दोन. इलेक्ट्रॉन पाच. चार खाली मावतात, एक वर राहतो. तो वरचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनांना मोकळ्या असलेल्या ऊर्जांचा पल्ला) इतका अरुंद की माफक प्रतिकर्षणानेही दुभंगतो. तेव्हा विद्युतरोधक करतं ते प्रतिकर्षण. स्पिन-कक्षीय जोड त्याची वाट मोकळी करते. तशाच रचनेचा, पण इरिडियमच्या जागी ऱ्होडियम असलेला स्ट्रॉन्शियम ऱ्होडेट बघा. तिथेही इलेक्ट्रॉन पाचच, पण ऱ्होडियमची जोड दुबळी, त्यामुळे तो धातू.

आजोळकर : म्हणजे तुम्हीही 'जोड' म्हणालात! चार वेळा.

खनिजतेल : बोलताना म्हणतो. प्रबंधात 'युग्मन' लिहीन, कारण त्याचं विशेषण होतं : युग्मित. 'सांगडित' कोण म्हणेल?

पांथस्थ : मधेच एक. शाळेत आम्ही लोह, इरिडियम अशा ट्रान्झिशन मेटलना 'संक्रामक' म्हणायचो. मला ते अजून साथीच्या रोगासारखं ऐकू येतं. 'संक्रमण धातू' बरं.

दवणा : घेतलं. वाक्य आता असं : 'स्ट्रॉन्शियम इरिडेटमध्ये स्पिन-कक्षीय युग्मनामुळे ऊर्जापट्टा अरुंद होतो, आणि इलेक्ट्रॉनांचं माफक प्रतिकर्षणही त्याला विद्युतरोधक करायला पुरतं.' सांगड पहिल्या परिच्छेदात, होड्यांसकट. संपादकांना विचारते.

खनिजतेल : 'अरुंद'च्या आधी 'अर्धा भरलेला' घाला. पट्टा पूर्ण भरलेला असता तर प्रतिकर्षणाची गरजच पडली नसती.