वाघोली ते रामवाडी : गाडी घरी ठेवायची, तर मधल्या टप्प्याचे काय?

केसनंद फाटा :
पुण्याच्या पूर्वेकडील वाघोलीतील एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर मी आहे. आमच्याकडील बहुतेक नोकरदार खराडी, कल्याणीनगर किंवा शिवाजीनगरला जातात आणि जवळजवळ सगळेच स्वतःच्या गाडीने जातात. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते आहे आणि तिचे तिकीटही १० ते ३५ रुपयांच्या आत आहे. तरीही रामवाडीला जाऊन ती धरणारे आमच्यात बोटांवर मोजण्याइतकेच. रामवाडीपासून वाघोलीमार्गे विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्ताराला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, पण तो उभा राहायला वेळ लागणारच. तोवर येत्या सर्वसाधारण सभेत काही ठोस प्रस्ताव मांडावा असा विचार आहे. पर्यावरणाचे फलक लावून काहीही घडत नाही. कशामुळे माणसे खरोखर गाडी काढायची थांबतात?

वेळापत्रक :
आपण मेट्रोचा विचार करता आहात. रहिवासी मात्र घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंतचा हिशेब मांडतात आणि त्या हिशेबात रामवाडीपर्यंतचा टप्पाच सगळ्यांत महाग पडतो. तिथे बसची संख्या जितकी महत्त्वाची, तितकेच दोन बसमधले अंतर सारखे राहणेही महत्त्वाचे. दर २० मिनिटांनी नेमाने बस आली, तर सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. त्याच बस कोंडीत अडकून ४० मिनिटांनी दोन-दोन एकदम आल्या, तर फेऱ्या तेवढ्याच राहूनही सरासरी थांबणे २० मिनिटांवर जाते. प्रवाशाच्या मनात ही दुसरी वेळच पक्की बसते.

बसला कोंडीतून वेगळे काढायचे, तर तिच्यासाठी राखीव मार्गिका हवी. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीत, म्हणजे अशाच राखीव मार्गिकेवरच्या बससेवेत, रस्ता ओलांडून मधल्या थांब्यावर जाण्याचा त्रास होता, हे खरेच. पण तो दोष सुधारण्याऐवजी मार्गिकाच टप्प्याटप्प्याने उखडली गेली, हा निर्णय मला आजही पटत नाही. शिवाय वाघोली महापालिकेत आली ती २०२१ मध्ये. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पदपथ, बसथांबे मागाहून शोधावे लागत आहेत. प्रादेशिक नियोजनात हद्द आणि प्रवास यांची अशी फारकत झाली, की त्याची किंमत पायी चालणारा मोजतो. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपी स्थापन झाली, तेव्हा निदान बसपुरती तरी ती हद्द ओलांडली गेली होती.

उशिराची पाळी :
सकाळी कसेही जाता येते. गाडी काढायची की नाही, हे रात्री नऊनंतर परत कसे यायचे यावर ठरते आणि निदान आम्हा बायकांच्या बाबतीत तर हे निर्विवाद आहे. स्थानकातून बाहेर पडल्यावर पदपथावर लावलेल्या दुचाकी चुकवत रस्त्यावर उतरावे लागते. पुढे शेअर रिक्षा मिळते, पण ती सीट भरल्याशिवाय हलत नाही. रिकाम्या रिक्षात एकटीने बसून राहण्यापेक्षा घरून स्कूटर आणलेली बरी, असे वाटू लागते. त्यामुळे रहिवाशांना 'तुम्ही किती वाजता निघता' हे विचारण्यापूर्वी 'तुम्ही किती वाजता परतता' हे विचारा. संस्थेच्या किंवा कंपनीच्या खर्चाने महिन्यातून एखाद-दोनदा अडीअडचणीला टॅक्सीची हमी मिळाली, तर ती प्रत्यक्षात क्वचितच वापरली जाईल. परंतु ती आहे या भरवशावर रोजची गाडी घरी राहू शकते.

हत्यारांची पिशवी :
मी वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. दिवसात चार ठिकाणी सामान घेऊन जायचे असते, तेव्हा मला कोणी मेट्रो सांगू नये. गाडी सोडण्याचा आग्रह ठरावीक वेळेला एकाच कचेरीत जाणाऱ्यांपुरता ठेवा, म्हणजे सभेत निम्मा विरोध आपोआप मावळेल.

दुसरे म्हणजे, दुसऱ्या चारचाकीसाठी जादा पार्किंग शुल्क घ्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) पार्किंगचे शुल्क ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. अडचण एवढीच, की आत शुल्क लावले की गाड्या बाहेरच्या रस्त्यावर फुकट उभ्या राहतात. महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरणाखाली निवडक रस्त्यांवर प्रायोगिक शुल्क मंजूर केले होते. ते कागदावरच राहिले. रस्त्याची जागा फुकट असेपर्यंत तुमचे शुल्क अर्धेच काम करील.

केसनंद फाटा :
परतीच्या वेळेचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. या आठवड्यात संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर तोच प्रश्न विचारतो. दुसऱ्या गाडीच्या शुल्कातून रामवाडीपर्यंत सायंकाळची मिनीबस भाड्याने घ्यावी, असा ठराव मांडण्याचा विचार आहे. सार्वजनिक बसची मागणीही सोबत करावी का?

वेळापत्रक :
जरूर करा, पण शेजारच्या संस्थांना बरोबर घेऊन. 'बस वाढवाव्यात' एवढेच लिहिलेला अर्ज फाइलला लागतो. रामवाडीहून सुटण्याच्या हव्या असलेल्या वेळा, प्रत्येक वेळेला येणाऱ्यांची संख्या आणि ते कोणत्या थांब्यावर उतरतील, एवढे एका पानावर द्या. मिनीबस महिनाभर चालवून तिच्यात रोज किती माणसे बसली, याची नोंद ठेवलीत, तर तोच तक्ता अर्जाला जोडता येईल.